शेपटीखालचं दुखणं : मांजरवाल्यांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मांजरांच्या जुलाबावर लिहिलं होतं, त्यात जाता जाता दोन ओळी अ‍ॅनल ग्लँडबद्दल, म्हणजे गुदद्वाराशेजारच्या वासाच्या दोन छोट्या पिशव्यांबद्दल होत्या. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. बहुतेकांनी सुरुवात "विचारायला लाज वाटते पण" अशी केलीय. अजिबात लाजू नका. फोंड्याच्या माझ्या दवाखान्यात लोक मांजराच्या डोळ्याबद्दल लगेच बोलतात, पायाबद्दल बोलतात, पण शेपटीखालचं काही असलं की सांगायला आठ आठ दिवस लावतात आणि तोवर तिथे पू झालेला असतो. ते आठ दिवस मांजर सोसत असतं.

प्रश्न : आमचा बोका ४ वर्षांचा. कालपासून सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, मग मागे चाटत बसतो. ट्रेमध्ये काहीच दिसत नाही. तुमच्या लेखात वाचलं तसे ग्लँड भरलेत का? घरी काय करता येईल? — म्हापसा

हा मेसेज सगळ्यात शेवटी आला होता, मुद्दाम पहिला घेतला. संपादकांनी तो मला लगेच पाठवला म्हणून बरं, मी फोन करून एकच विचारलं, शू शेवटची कधी केली? घरात कुणालाच सांगता येईना. तेव्हाच त्यांना म्हटलं, फोन ठेवा आणि मांजर पिशवीत घाला.

बोक्याची लघवी अडकली होती. बोक्यांची मूत्रनळी फार बारीक असते, त्यात वाळूसारखे कण आणि चिकट बुळबुळीत पदार्थ जाऊन बूच बसतं, मग मांजर जोर करतं आणि आपल्याला वाटतं शी होत नाही किंवा ग्लँड दुखतायत. बाहेरून दिसतं सगळं सारखंच. पण लघवी पूर्ण अडकली तर २४ ते ४८ तासांत रक्तात विष साठतं, पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबू शकतं. त्यामुळे बोका जोर करतोय आणि शू झालेली तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितली नाही, तर रात्रीचे बारा वाजले असले तरी डॉक्टर शोधा. पोट दाबून बघू नका, मूत्राशय आत फुटू शकतं. म्हापशाच्या या बोक्याला कॅथेटर घातला, तीन दिवस सलाईन लागलं, आता घरी आहे. ग्लँड त्याचे ठणठणीत होते.

प्रश्न : बाय, माझं वय ६८. आमची मनी ७ वर्षांची, ऑपरेशन झालेली, घरातच असते. दोन महिने झाले ती शेपटीखाली सारखी चाटते. बसल्या बसल्या दचकून मागे वळून बघते, जशी कुणी टाचणी टोचली. पोटावरचे केस गेलेत. माझ्या गोधडीवर ती झोपते तिथे तपकिरी डाग पडतो आणि कुजलेल्या तारल्यांसारखा वास येतो, दोनदा धुतली तरी जात नाही. शेजारीण म्हणाली जंत झालेत, तिच्या मुलाने फार्मसीतून गोळी आणून दिली, काही फरक नाही. आता तर ट्रे सोडून देवघरासमोर शी करते. सून म्हणते मांजर सोडून या कुठेतरी. — डिचोली

मावशी, आधी हे उत्तर सुनेला वाचून दाखवा. मनी मुद्दाम घाण करत नाहीय. तिला शी करताना दुखतं, आणि दुखतं ते ट्रेमध्ये बसल्यावर, म्हणून तिच्या लेखी तो ट्रेच वाईट झालाय. मग ती दुसरी जागा शोधते, गार गुळगुळीत, शांत. देवघरासमोरची लादी तशीच असणार.

आता हे ग्लँड म्हणजे काय ते एकदा नीट सांगते, कारण ते कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. मांजराची शेपटी वर केली की गुदद्वार दिसतं, ते घड्याळाची तबकडी समजा, तर साधारण ४ आणि ८ जिथे असतात तिथे कातडीच्या आत दोन छोट्या पिशव्या असतात, वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान. नर असो मादी असो, ऑपरेशन झालेलं असो नसो, प्रत्येक मांजराला असतात. आत एक वासाचा द्रव तयार होतो आणि बारीक नळीतून गुदद्वाराच्या अगदी शेजारी बाहेर येतो. मांजर शी करतं तेव्हा स्नायूंचा आणि शीचा दाब पिशव्यांवर पडतो, थेंबभर द्रव शीबरोबर जातो. तो त्यांचा वास, त्यांची ओळख, दुसरं मांजर हुंगून समजून घेतं की इथे कोण येऊन गेलं. म्हणजे पिशवी रिकामी करायचं काम शीचं आहे, आपलं नाही. शी पातळ झाली की दाब पडत नाही, द्रव आतच राहतो, घट्ट होतो, नळी बुजते, त्यात जंतू वाढतात, सूज येते, पू होतो आणि शेवटी कातडी फाटून बाहेर येतो. हे सगळं एका दिवसात होत नाही. मनी यातल्या मधल्या पायरीवर आहे असं पत्रावरून वाटतं, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही, पण या आठवड्यात दाखवा.

कुत्र्यांमध्ये लोकांना लगेच कळतं कारण कुत्रा बूड घासत घासत अख्ख्या हॉलभर फिरतो. मांजरं तेवढं घासत नाहीत. मांजर चाटतं. आणि चाटणं हे मांजराचं रोजचंच काम असल्यामुळे आपल्या लक्षात येत नाही, पोटाचे आणि मांड्यांचे केस गेले की मग आपण म्हणतो अरे हिला काय झालं. तुम्ही ते दचकून मागे बघणं बरोबर टिपलंत, ती फार महत्त्वाची खूण आहे. शेपटीच्या मुळाशी हात लावला की चावायला येणं, उडी मारायचं बंद होणं, एका कुशीवरच बसणं, या पण खुणा.

शेजारणीचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. जंतांनीही तिथे खाज येते. पण तो बहुतेकदा पट्टकृमी असतो, त्याचे तुकडे शेपटीखालच्या केसांना भाताच्या शितासारखे चिकटलेले दिसतात, ताजे असले तर हलतातसुद्धा, वाळले की तिळासारखे होतात. तसं काही दिसलं का बघा. आणि त्या जंतावर नेहमीची गोल जंतांची गोळी चालत नाही, प्राझिक्वांटेल नावाचं औषध लागतं, तेही वजन बघून. माणसांच्या दुकानातून अंदाजाने आणलेली गोळी मांजराला पुन्हा देऊ नका.

हा पट्टकृमी येतो पिसवांतून. मांजर चाटताना पिसू गिळतं आणि पिसवेच्या पोटातली अळी याच्या पोटात जाते. "घरातच असते, पिसवा कुठून येणार" असं सगळे म्हणतात, पण आपल्याकडे पावसाळ्यात घराबाहेर एक जरी भटकं मांजर बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर येऊन बसत असलं तरी पुरतं. एक साधी तपासणी सांगते. पांढरा टिश्यू पेपर किंवा कापूस ओला करा, मनीच्या पाठीवर शेपटीच्या मुळापाशी बारीक दातांची फणी फिरवा, जी काळी कचकच निघेल ती त्या ओल्या कापसावर ठेवून दोन मिनिटं थांबा. नुसती माती असेल तर मातीच राहील. भोवती लालसर तपकिरी वर्तुळ पसरलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मनीचं पचलेलं रक्तच. काही मांजरांना पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते, शेपटीचं मूळ सुजतं, खाजतं, आणि त्या सुजेत या ग्लँडच्या नळ्याही बंद होतात. मग ग्लँड कितीदा रिकामे केले तरी पिसवा असेपर्यंत परत भरतात. पिसवांचं औषध घरातल्या सगळ्या जनावरांना एकदम, दर महिन्याला, किमान तीन महिने लावावं लागतं कारण कोष लादीच्या फटीत आणि गोधडीत बसलेले असतात. पण मांजराचंच औषध घ्या. कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं औषध मांजराला लावलं तर झटके येऊन मांजर मरतं, दरवर्षी पावसाळ्यात अशी एक तरी केस मी बघते आणि दरवेळी घरचे म्हणतात थोडंसंच लावलं होतं हो.

दवाखान्यात काय होईल तेही सांगते म्हणजे घाबरणार नाही. एक जण मनीला टॉवेलात गुंडाळून पुढून धरेल, मी किंवा जो कुणी डॉक्टर असेल तो ग्लोव्ह घालून शेपटी वर करून अंगठा आणि पहिलं बोट दोन बाजूंनी लावून पिशवी चाचपून बघेल. मऊ आणि लहान लागली तर सोडून देतात. भरलेली असेल तर हळू दाबून रिकामी करतात. गेल्या महिन्यात कुर्टीची एक मांजर आली होती, तिच्या डाव्या पिशवीतून टूथपेस्टसारखा करडा दोरा निघाला, जवळजवळ नखाएवढा लांब, मग त्यामागून पातळ पिवळं पाणी. उजवीतून फक्त थेंब. टेबलावरच तिने अंग झाडलं, ज्या कापडी पिशवीतून आणली होती तीत गेली आणि झोपली. तिची मालकीण रडायला लागली की एवढंच होतं आणि मी महिनाभर हिला ओरडत होते. फार दुखत असेल तर थोडी गुंगी देऊन करतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट जागेपणी झटापट करण्यापेक्षा ते चांगलं. जंतुसंसर्ग असेल तर पिशवी धुऊन आत औषध घालतात, पोटातून अँटिबायोटिक आणि मांजराला चालणारं वेदनाशामक देतात. द्रवाच्या रंगावर जाऊ नका, निरोगी मांजराचाही पांढरा, पिवळा, करडा, तपकिरी, पातळ, घट्ट कसाही असतो. रक्त, पू आणि दुखणं, हे बघायचं.

तुम्ही वजन लिहिलं नाही मावशी. ऑपरेशन झालेली, घरातली, ७ वर्षांची म्हणजे थोडी जाड असेल असं धरून चालते. जाड मांजराची जीभ तिथवर पोचत नाही आणि चरबीत त्या पिशव्या नीट दाबल्याही जात नाहीत. वजन उतरवायचं पण हळूहळू, आठवड्याला अंदाजे शंभरातला एक भाग, उपाशी ठेवून अजिबात नाही. जाड मांजर दोन तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठून दगावू शकतं.

घरी आणल्यावर जुना ट्रे त्याच जागी ठेवू नका. दुसरा घ्या, बुटक्या कडांचा, आणि दुसऱ्या खोलीत ठेवा, वाळूही वेगळी घातली तर उत्तम. देवघरासमोरची लादी साध्या साबणाने धुवा, फिनेलने नाही, फिनेल मांजराला विषारी आहे आणि ती त्याच लादीवर बसून पाय चाटणार. गोधडीला कडक ऊन दाखवा.

प्रश्न : नरकासुराच्या रात्री फटाके आणि डीजे सुरू झाल्यावर आमचं पिल्लू, ९ महिन्यांचं, कपाटाखाली घुसलं. बाहेर काढलं तर अंगाला इतका घाण वास की उलटी येईल असा. दुसऱ्या दिवशी काही नाही. हा आजार आहे का? — मडगाव

नाही. घाबरलं की स्नायू एकदम आवळतात आणि ग्लँड एका झटक्यात रिकामे होतात, दवाखान्याच्या टेबलावर रोज होतं. कोमट पाण्यात कापड भिजवून पुसा, बस. काही मांजरं गाढ झोपेत अंग सैल सोडतात तेव्हाही थेंबभर येतं. कधीतरी झालं तर सोडून द्या, दर दोन चार दिवसांनी वास यायला लागला तर दाखवा. पुढच्या वर्षी त्या रात्री पिल्लाला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, एखाद्या खोक्यात जुनी साडी घालून ठेवा.

प्रश्न : आमचं मांजर काजूच्या बागेत हिंडतं. परवा शेपटीच्या बाजूला भोक पडलेलं दिसलं, रक्त आणि पू येतोय. आम्हाला वाटलं जनावर (साप) चावलं. डेटॉल लावलं, हळद भरली. रात्री कण्हत होतं म्हणून पॅरासिटॅमॉलची अर्धी गोळी द्यावी म्हणून भाऊ म्हणाला पण मी थांबवलं. आता काय करू? — पेडणे

तुम्ही भावाला थांबवलंत तिथेच तुमच्या मांजराचा जीव वाचला. पॅरासिटॅमॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा. रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहायच्या बंद होतात, हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड सुजतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड यातलं काहीही नको. घरातली कुठलीच पेनकिलर मांजराला देऊ नका, कितीही कण्हत असलं तरी.

भोक गुदद्वाराच्या एका बाजूला, खाली, तबकडीवर ४ किंवा ८ वर असेल तर ते ग्लँडचं गळू फुटलेलं असण्याची शक्यता जास्त. बोक्याबोक्यांच्या मारामारीत दात लागूनही असंच गळू होतं, पण ते कुठेही असू शकतं. साप चावला तर असं पू भरलेलं भोक एका रात्रीत होत नाही. फुटण्याआधी तिथे लाल, गरम, द्राक्षासारखी गाठ आलेली असते, केसांमुळे दिसत नाही. फुटल्यावर दाब कमी होतो म्हणून मांजर जरा बरं वाटल्यासारखं वागतं आणि लोकांना वाटतं बरं झालं. आत पू असतो तोवर बरं झालेलं नसतं. डॉक्टरकडे नेऊन आतून धुवून घ्यावं लागतं, अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करावा लागतो, तिसऱ्या दिवशी सूज गेली म्हणून बंद करायचा नाही. जखम बहुतेकदा टाके न घालता उघडीच ठेवतात, आतून भरत येऊ देतात, त्यात डॉक्टरांची हयगय नाही, वरून शिवली तर आत परत पू कोंडतो.

डेटॉल आता बंद करा. त्यातलं रसायन मांजराच्या यकृताला पचवता येत नाही आणि जखमेवर लावलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं. हळदीची पूड भोकात भरू नका, पू बाहेर यायची वाट बंद होते. दवाखान्यात नेईपर्यंत एवढंच करा : उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ, त्यात स्वच्छ कापड भिजवून पिळून, मनगटावर लावून बघा, सोसेल एवढंच गरम हवं, आणि ते तिथे पाच दहा मिनिटं धरा, दिवसातून दोन तीन वेळा. मांजर धरू देत नसेल तर सोडून द्या. चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन (डोक्याभोवती नरसाळ्यासारखा येतो तो) घालावा लागेल.

आणि एक गोष्ट, पावसाळ्यात ही फार महत्त्वाची : रोज त्या जखमेत टॉर्च मारून बघा. माशी बसली की एका दिवसात अळ्या पडतात. आपल्याकडे गावात अजून लोक फिनेल, टर्पेंटाईन, पेट्रोल ओततात, अळ्या मरतात पण त्याबरोबर मांजरही जातं. अळ्या दिसल्या तर चिमट्याने निघतील तेवढ्या काढा आणि त्याच दिवशी न्या. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही हे काम होतं, पैशांसाठी थांबू नका.

प्रश्न : यूट्यूबवर बघून घरी ग्लँड दाबले तर चालतील का? आमच्या कुत्र्याचे पार्लरमध्ये दर महिन्याला काढतात. — वास्को

नको. मांजराला महिन्याच्या महिन्याला दाबायची गरजच नसते, न भरलेली पिशवी सारखी दाबली तर तीच सुजते. आणि सुजलेली पिशवी चुकीच्या बाजूने दाबली तर ती आतल्या आत फुटते, म्हणजे जे टाळायचं तेच आपण केलं. कुत्र्याचेही विनाकारण काढायचे नसतात खरं तर, पण तो वेगळा विषय. शिवाय दुखऱ्या जागी हात लागला की शांतातलं शांत मांजर पण चावतं, दात बारीक आणि खोल जातात, हात दुसऱ्या दिवशी भाकरीसारखा सुजतो. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्रायमरी हेल्थ सेंटरला जा, रेबीजच्या इंजेक्शनबद्दल तेच ठरवतील. घरच्या मांजराला लस दिलेली असली तरी जाऊन या.

घरी करायचंच असेल तर एक करा. आठवड्यातून एकदा, मांजर मांडीवर लाडात असताना, शेपटी हळूच वर करून फक्त बघा. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, लाल आहे का, ओलं आहे का. कुत्र्याएवढं सोपं नाही पण महिनाभरात सवय होते.

प्रश्न : आमच्या दोन्ही मांजरांना वर्षातून एकदा हा त्रास होतोच, आणि दरवेळी श्रावण ते चवथ याच दिवसांत. बाकी वर्षभर काही नाही. याचा काही संबंध आहे का? — काणकोण

संबंध आहे. मला हा प्रश्न फार आवडला कारण तुम्ही महिना लक्षात ठेवलात.

वर्षभर तुमच्या मांजरांना काय मिळतं? बांगड्याचं डोकं, तारली, पेडवे, भात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस मासेमारी बंद, ताजी मासळी कमी आणि महाग, मग मांजराच्या ताटलीत खारे बांगडे, गालमो, सुकं काय असेल ते. त्यात मीठ भयंकर. ते संपतं न संपतं तोच श्रावण, पुष्कळ घरांत मासे बंद, मांजराला दूधभात. मग चवथीचे दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं, मांजराच्या वाट्याला खीर, नेवऱ्यांचं सारण, जे कुणी टाकेल ते. म्हणजे तीन महिन्यांत तीनदा जेवण बदललं. मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दुधातली साखर पचत नाही, त्यांची शी पातळ होते. लोक म्हणतात आमचं तर दूध आवडीने पितं. आवडतं हो, पचत नाही. शी पातळ झाली की ग्लँडवर दाब नाही, आठ पंधरा दिवस असंच चाललं की पिशव्या तुडुंब. त्यात पाऊस, त्यात पिसवा. तुमच्या मांजरांचं कॅलेंडर अगदी बरोबर आहे.

उपाय असा की सणवार आपले, मांजराचे नाहीत. ते मांसाहारी जनावर आहे, टॉरिनसारखे घटक त्याला मांसातूनच मिळतात, भाजीभातावर ते निरोगी राहू शकत नाही. घरात शिजवायचं नसेल तर त्या दिवसांत मांजराचं तयार खाणं आणा, चांगल्या दर्जाचं, पण नेहमीच्या खाण्यात रोज थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवसांत बदला, एकदम नाही. श्रावणाच्या आधीच सुरू करा. दूध बंद, पाणी दोन तीन जागी ठेवा.

वर्षभराच्या मासळीबद्दलही सांगते. उकडलेली, काटे काढलेली, मीठमसाल्याशिवायची मासळी अधूनमधून चांगली. फक्त मासळी, तीही कच्ची, रोज, हे चांगलं नाही. काही कच्च्या माशांत असा घटक असतो जो बी-१ जीवनसत्त्व मोडतो, मांजराचा तोल जातो, मान खाली वाकते. हुमणातला (माशाच्या आमटीतला) मासा धुऊन घालता त्यात कांदा लसणाचा अंश राहतो, तो मांजराचं रक्त खराब करतो. काटा आतड्यातून खाली येऊन गुदद्वाराशी अडकलेला मी दोनदा काढलाय, घरच्यांना वाटत होतं ग्लँड.

आणखी एक, मांजरांच्या फूड अ‍ॅलर्जीत मासा हा नेहमी सापडणारा गुन्हेगार आहे, बीफ आणि चिकनबरोबर. आपल्याकडे रोज मासे खाणाऱ्या मांजराला माशाचीच अ‍ॅलर्जी असू शकते हे कुणाच्या मनात येत नाही. तोंड मान खाजणं, शी सैल, ग्लँड परत परत, असं तिन्ही एकत्र असेल तर डॉक्टरांशी बोलून किमान ८ आठवडे वेगळं, पूर्वी कधी न खाल्लेलं प्रथिन द्यायचं. त्या ८ आठवड्यांत शेजाऱ्यांनाही सांगावं लागतं की बाबांनो एक तारली पण टाकू नका, आणि हे सगळ्यात कठीण असतं.

शी कशी हवी? ओलसर, आकार धरणारी, वाळूतून उचलली तर खाली लगदा न राहणारी. थोडी सैल असेल तर लाल भोपळा नुसता उकडून, कुस्करून, छोटा चमचाभर खाण्यात मिसळा. इसबगोल द्यायचं असेल तर पाव चमचा, भरपूर पाण्यात भिजवून, आणि डॉक्टरांना विचारून, कोरडं दिलं तर उलट बद्धकोष्ठ होतं. जुलाब दोन दिवसांच्या वर चालले तर भोपळा बस झाला, तपासणी करा.

प्रश्न : आमची मांजर १३ वर्षांची आहे. वर्षात तिसऱ्यांदा त्याच उजव्या बाजूला सूज आलीय. दोनदा गळू म्हणून कापून अँटिबायोटिक दिलं. आता डॉक्टर म्हणतात ग्लँड काढून टाकू. या वयात करावं का? — पणजी

वय म्हणून नाही म्हणू नका, पण ऑपरेशनच्या आधी एक विचारा : आतल्या भागाचा तुकडा किंवा सुईने घेतलेलं पाणी तपासलंय का? मांजरांत ग्लँडचा कॅन्सर क्वचित होतो, पण होतो तेव्हा असाच म्हाताऱ्या मांजरांत, एकाच बाजूला, आणि गळूच आहे असं वाटत राहतं. औषधाने न बसणारी, कडक, हलवली तर न हलणारी गाठ असेल तर ही शंका धरलीच पाहिजे. तुमच्या डॉक्टरांना राग येईल असं समजू नका, चांगला डॉक्टर स्वतःच हा विचार करत असतो. रक्त, किडनी, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या, १३ व्या वर्षी भूल द्यायची तर किडनी बघणं तसंही गरजेचं.

साधीच परत परत होणारी सूज निघाली तरी वर्षात तीनदा म्हणजे काढून टाकणं योग्य. आताची सूज उतरू द्या, मग करा, सुजलेल्या जागी पिशवीची कड नीट दिसत नाही आणि तुकडा आत राहिला तर तिथे नासूर होतो. शी धरून ठेवणाऱ्या नसा अगदी जवळून जातात म्हणून ज्याने हे ऑपरेशन आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या. नंतर काही दिवस शी नकळत पडू शकते, बहुतेकांची पूर्ववत होते, फार थोड्यांची राहते, हे आधीच माहीत असलेलं बरं. ट्रेमध्ये वाळूऐवजी फाडलेले वर्तमानपत्राचे कागद घाला म्हणजे जखमेत कण जात नाहीत, आणि कोन १० ते १४ दिवस, ती कितीही केविलवाणी बघितली तरी काढायचा नाही.

गाठीचा तुकडा तपासायला दिला की रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. आला की फोटो काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी कॉलमची वाट न बघता तुम्हाला थेट उत्तर देईन.